मुकादमाच्या वर कोण?

दाजी पुण्याकडच्या एका साइटवर परांचीवरून पडले, तेव्हा सगळ्यांनी मुकादमाकडेच बोट दाखवलं. तो तर आमच्याच भावकीतला. अंकुशनगरात साखर कारखान्याच्या आसऱ्याने वाढल्यामुळे ऊसतोडीची उचल, टोळी, कोयता हे मला पाठ. पण नुकसानभरपाईचा दावा म्हणजे काय, तो कुणावर करायचा, हे काही केल्या उमगेना. आक्का तर म्हणाली, "हात गेला तो गेला, आता भावकीबी घालवू का?"

अंबडच्या वकीलबाईंनी पाठकोऱ्या कागदावर नावं मांडली. सगळ्यात खाली दाजी, मग मुकादम, मग गिलाव्याचा ठेकेदार आणि वर इमारत बांधणारी कंपनी. कर्मचारी नुकसानभरपाई कायदा 1923 सालचा. त्याच्या कलम 12 नुसार धंदा ज्याचा आहे त्या वरच्या मालकाकडेच भरपाई मागता येते. त्याने ती मग खालच्या ठेकेदाराकडून वसूल करावी. "मुकादमाला घाबरवू नका, तो आपला साक्षीदार आहे," बाई म्हणाल्या. नवी सामाजिक सुरक्षा संहिता 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाली. अपघात त्याआधीचा, म्हणून आमचं प्रकरण जुन्याच कायद्यात.

कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला होता, "त्यानं बेल्टच लावला नव्हता, चूक त्याची." मी हे कबुलीजबाब दिल्यासारखं बाईंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "बेल्ट दिला होता का?" कामावर असताना कामामुळे इजा झाली की भरपाई लागू, मालकाची चूक दाखवावी लागत नाही. दारू पिऊन पडला, किंवा दिलेलं साधन मुद्दाम बाजूला सारलं, असं काही मालकाने सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. न दिलेला बेल्ट बाजूला सारणार कसा?

हिशेबाने मात्र मला घाम फोडला. पगार कितीही असो, महिना 15,000 पर्यंतच धरायचा. त्याचे 60 टक्के 9,000. दाजी तिशीचे, त्या वयाचा गुणक 207.98. कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर 18,71,820 रुपये. डॉक्टरांनी लिहिलं 40 टक्के, म्हणजे 7,48,728. मला तेवढ्यानेच हायसं वाटलं होतं, पण बाई अडून बसल्या. 1975 च्या प्रताप नारायण सिंग देव खटल्यात एका सुताराचा डावा हात कोपरापासून कापावा लागला होता. उजवा शाबूत होता, तरी सुतारकाम करता येणार नाही म्हणून सर्वोच्च न्यायालयाने त्याचं अपंगत्व पूर्ण धरलं. दाजींचा उजवा कोपर अर्ध्यातच अडतो. परवा अंगणात त्यांनी थापीवर माल घेतला आणि भिंतीवर मारायला गेले, तर सगळा माल पायावर. मोबाइल धरता येतो, चमचा धरता येतो. गवंड्याला त्याचा काय उपयोग?

दवाखान्याच्या केसपेपरवर 'घरात घसरून पडले' असं लिहिलेलं. दाजी कण्हत असताना सोबतच्या माणसाने सांगितलं तेच उतरलं. शिवाय किरकोळ रक्कम हातावर ठेवून 'काही तक्रार नाही' अशा मजकुराच्या स्टॅम्पपेपरवर अंगठा घेतलेला. अंगठा पाहून आम्ही सगळेच गार पडलो. पण कलम 17 नुसार हक्क सोडून दिल्याचा असा करार रद्दबातल ठरतो. केसपेपरची अडचण खरी. ती मोडायला फोनपेवर मुकादमाने पाठवलेली आठवड्याची खर्ची आणि साइटवरचे फोटो.

बांधकाम कामगार मंडळाचं कार्ड दाजींकडे आहे. गावाला ते मंडळ भांड्यांच्या संचामुळे माहीत. अपंगत्वाची मदत तिथे 75 टक्क्यांपासून पुढे, त्यामुळे तूर्त तो रस्ता बंद. दाव्याला दोन वर्षांची मुदत आहे, आणि पुण्याला खेटे घालायचे नाहीत: कामगार राहतो तिथल्या आयुक्तांकडे अर्ज चालतो. देय तारखेपासून 12 टक्के व्याज, आणि विनाकारण टाळाटाळ केली तर निम्म्यापर्यंत दंड.

मुकादमाला कलम 12 समजावलं तेव्हा तो आधी खाटेवरून उठलाच नाही. मग आत जाऊन हजेरीची वही घेऊन आला. पडले त्या दिवशी दाजींची हजेरी अर्धीच लावलेली. मला संताप आला. वकीलबाईंनी मात्र त्या पानाचा लगेच फोटो काढला. "अर्धी तर अर्धी," म्हणाल्या, "त्या दिवशी कामावर होते, हे तर लिहिलंय."