अकरा महिन्यांचे घर

आमच्या घरी वर्षातून एकदा एक मुलगा येतो. खांद्याला बॅग, बॅगेत लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचे छोटेसे मशीन. पंख्याखाली बसतो, पाणी पितो, घरमालकाचा, मुलांच्या अब्बांचा आणि दोन साक्षीदारांचा अंगठा घेतो, फोटो काढतो आणि पाऊण तासात निघून जातो. तो गेला की पुढचे अकरा महिने ते घर आमचे. म्हणजे आमचे नव्हे, राहण्यापुरते आमचे.

अकरा महिन्यांच्या करारामुळे एक गंमत होते. पहिला करार १ जूनला सुरू झाला, दुसरा १ मेला, तिसरा १ एप्रिलला. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो, आमचा करार महिनाभर मागे सरकतो. ही गंमत पुढे आम्हाला चांगलीच महागात पडली, पण ते नंतर.

भाडेकरू हा शब्द आमच्या घरात नवा नव्हता. कल्याणच्या दूधनाक्यावर आम्ही पगडीच्या खोल्यांत राहात होतो. सासरे गेले तरी भाड्याची पावती काही वर्षे त्यांच्याच नावाने निघत होती, महिना ७२ रुपये. त्या ७२ रुपयांत वारसाहक्क होता, कायद्याचे संरक्षण होते, आणि मालकाशी भांडायची हिंमतही होती. २०२२च्या पावसाळ्याआधी इमारत धोकादायक ठरवल्याची पालिकेची नोटीस भिंतीवर लागली. बिल्डरशी कागद झाले, 'तीन वर्षांत नवी घरे' असे ठरले, आणि चार बिऱ्हाडे चार दिशांना गेली. आम्ही खडकपाड्याच्या बाजूला, सात मजल्यांच्या पाच विंग असलेल्या एका संकुलात दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला. भाडे १७,०००, अनामत ६०,०००, शिवाय दलालाला एक महिन्याचे भाडे. दुर्गाडीचा पूल ओलांडून भिवंडीच्या शाळेत जायला तिथून रिक्षा मिळते, आणि मोठीचे ज्युनियर कॉलेजही जवळ पडणार होते.

करार वाचायला आम्ही बसलो. (बी.एड. झालेल्या माणसाला कागद वाचल्याशिवाय सही करवत नाही.) तेव्हा कळले की कायद्याच्या भाषेत आम्ही भाडेकरूसुद्धा नाही. 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणजे राहण्याची परवानगी, जागेवर हक्क नाही. महिना ७२ रुपये देत होतो तेव्हा हक्क होता, १७,००० द्यायला लागलो तर परवानगी उरली. अकरा महिनेच का, हेही आम्ही त्या मशीनवाल्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "मॅडम, पद्धतच आहे." वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची नसते, त्यातून ही पद्धत देशभर पडली. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने असा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. म्हणजे कारण संपले, पद्धत राहिली. आमच्या ओळखीत अजून कितीतरी घरे साध्या स्टॅम्पपेपरवर राहतात, म्हणून हे मुद्दाम सांगितले. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर मालकाने उलटे सिद्ध करेपर्यंत राहणाऱ्याचे म्हणणे खरे धरले जाते, पण कोर्टाची पायरी चढायची ताकद कोणाच्यात आहे?

त्या पहिल्या कराराला साक्षीदार म्हणून दलालाची दोन पोरे उभी राहिली. त्यांनी आमच्याकडे पाहिलेही नाही.

करारात एक अट होती, भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत. अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, हे काही केल्या पटेना. "खिळा पण मारायचा नाय? मग घर कसला?" त्यांच्याकडे काबाशरीफची एक मोठी फ्रेम आहे, सासरे हजहून आले तेव्हाची. ती दूधनाक्याच्या बाहेरच्या खोलीत चोवीस वर्षे एकाच जागी होती. इथे ती फ्रिजवर भिंतीला टेकवून ठेवली. फ्रिजचा दरवाजा जोरात लागला की फ्रेम हलायची आणि अम्मी नातवावर ओरडायच्या.

संकुलात राहणे वाईट नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. पाणी वेळेवर होते, जिने स्वच्छ, धाकट्याला खेळायला जागा. लिफ्टमध्ये लोक 'गुड मॉर्निंग' म्हणत. पण फाटकावरच्या अ‍ॅपमध्ये आमच्या नावापुढे 'टेनंट' होते, पार्किंगच्या स्टिकरचा रंग वेगळा होता, आणि लिफ्टमधल्या सूचनांत 'सभासदांना विनंती' व 'भाडेकरूंना सूचना' असे दोन प्रकार असत. सभासदांना विनंती, आम्हाला सूचना. मराठी शिकवणाऱ्या माणसाच्या डोळ्यांत असे फरक खुपतात.

पहिल्या वर्षी सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा होती. टँकरच्या खर्चाचा विषय होता आणि टँकरचे पैसे आम्हीही भरत होतो, म्हणून मुलांचे अब्बा खाली गेले. अर्ध्या तासात परत आले. कोणी अपमान केला नाही. फक्त एकाने हसून विचारले, "सर, तुमचे मालक नाही आले?" नियमाने ते बरोबरच होते, मत सभासदाचे. तरी त्या रात्री जेवताना ते गप्प होते. घरभाडे, देखभाल, टँकर, शिवाय मालक राहात नाही म्हणून सोसायटी जो बिनभोगवटा आकार घेते, तोही मालक आमच्या भाड्यातूनच काढतात. सरकारने २००१मध्ये या आकारावर सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आमच्या सोसायटीचा हिशोब आम्ही कागदावर मांडून पाहिला, तो थोडा जास्तच निघाला. मालकांना सांगितले. ते म्हणाले, "मॅडम, जाऊ द्या, तुम्हालाच तिथे राहायचंय." आम्ही जाऊ दिले.

२०२३मध्ये बकरी ईद आणि आषाढी एकादशी एकाच दिवशी आली, २९ जूनला. महाराष्ट्रात कितीतरी गावांत मुस्लिमांनी आपणहून ठरवले की त्या दिवशी कुर्बानी करायची नाही. आमची कुर्बानी तर नेहमीच भिवंडीला मोठ्या दिरांकडे होते, कल्याणच्या फ्लॅटमध्ये कधी विचारही आला नव्हता. तरी ईदच्या चार दिवस आधी वॉचमन एक पत्र घेऊन आला. आवारात जनावर आणू नये वगैरे. पत्र साधे होते, भाषाही सभ्य होती. पण ते लिफ्टमध्ये लावलेले नव्हते. पाच विंगमध्ये मिळून आमची तीन घरे, आणि ते पत्र फक्त त्या तीन घरांत हाताने पोचवले गेले. पोच घेण्यासाठी वहीवर सहीसुद्धा.

सही करताना समोरच्या काकूंचे दार उघडे होते. काकू पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहतात, मुलगा नाशिकला. त्यांनी वॉचमनकडून पत्र मागून घेतले, वाचले आणि विचारले, "माझं कुठाय?" तो म्हणाला, "तुम्हाला नाही काकू." "का? मी बकरा आणणार नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?" वॉचमन हसला, आम्हीही हसलो, पण काकू हसल्या नाहीत. ईदच्या दिवशी त्यांनी साबुदाण्याची खिचडी पाठवली. आम्ही शिरखुर्मा द्यायला गेलो तर म्हणाल्या, "उपास आहे, दूध चालतं, शेवया नाही. उद्यासाठी ठेवा फ्रिजमध्ये, तुमच्याच. माझा भरलाय." आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने येऊन घेऊन गेल्या.

सूरह निसामध्ये नात्यातला शेजारी आणि परका शेजारी असे दोघांचेही हक्क सांगितले आहेत. लहानपणी मकतबमध्ये हे पाठ केले तेव्हा वाटायचे की परका शेजारी म्हणजे समोरचा. या संकुलात आल्यावर कळले, परके शेजारी आम्हीही असू शकतो.

तिसऱ्या करारावर काकूंनी साक्षीदार म्हणून अंगठा दिला. त्यांचा अंगठा मशीन घेईना, पोस्टात शिक्के मारून रेषा गेल्या असे त्या म्हणाल्या. चार बोटे करून झाली तेव्हा कुठे एक लागले.

हा तिसरा करार फेब्रुवारी २०२५ अखेर संपणार होता. डिसेंबरमध्ये मालकांचा फोन आला. मुलीला परदेशी शिकायला पाठवायचे आहे, फ्लॅट विकतोय. माणूस भला, दोन महिने आधी सांगितले, अनामत वेळेवर देईन म्हणाले आणि पुढे दिलीही. त्यांना दोष देववत नाही. पण फेब्रुवारीत मोठीची बारावीची परीक्षा सुरू होणार होती आणि मार्च उजाडताच रमजान. करार जूनमध्ये सुरू होऊन मागे मागे सरकला होता तो नेमका इथे येऊन थांबला. बिल्डरकडून मिळणारे भाडेही दीड वर्षातच बंद पडले होते. दूधनाक्याच्या जागेवर पत्रे लावलेले होते आणि आत गवत.

जानेवारीत आम्ही घर शोधायला लागलो. फोनवर सगळे छान चालायचे. "दोघे शिक्षक? वा, ओनरला अशीच फॅमिली हवी." मग नाव विचारले जायचे, आणि नाव सांगितले की एक छोटीशी शांतता. मग "विचारून कळवतो". किंवा "व्हेज फॅमिली पाहिजे", जणू दुसरीकडे सगळे व्हेजच राहतात. एक दलाल तेवढा सरळ निघाला. "मॅडम, खोटं कशाला बोलू, मालक नको म्हणतायत. तुमचा वेळ जाऊ नये म्हणून सांगतो." त्याचे आम्ही आभार मानले, मनापासून. मोठीने तिच्या रफ वहीच्या मागच्या पानावर यादी केली होती. चौदा फोन, त्यांतली दोनच घरे आम्हाला पाहायला मिळाली, आणि त्यांतले एक ऐपतीबाहेरचे. परीक्षा तोंडावर आलेल्या मुलीच्या वहीत ही यादी पाहून आम्हाला फार वाईट वाटले. वही काढून घेतली. तिने दुसऱ्या वहीत सुरू केली.

आमच्या उर्दू घरात एकट्यानेही 'हम' म्हणायची सवय आहे, त्यामुळे इथे 'आम्ही' म्हणताना कोण नक्की, असे वाचकांना वाटेल. पुढचे जे सांगायचे आहे ते मात्र नक्की या लिहिणारीचेच आहे. सात-आठ वर्षांपूर्वी भिवंडीत जाऊबाईंचा एक फ्लॅट रिकामा होता आणि किल्ली आमच्याकडे होती. पावसात एक बाई पाहायला आल्या. नर्स, तलाक झालेल्या, बरोबर पाच-सहा वर्षांचा मुलगा. आपल्याच समाजातल्या. भाडे कबूल होते, अनामतही. आम्ही सांगितले, "बुजुर्ग मना करतात." बुजुर्गांना आम्ही विचारलेही नव्हते. एकटी बाई, रात्रपाळी, लोक काय म्हणतील, एवढाच विचार. त्यांनी वाद घातला नाही. दारात ठेवलेली छत्री उचलली, मुलाचा हात धरला आणि निघाल्या. त्यांचे नाव आज आठवत नाही. छत्री आठवते, काळी, एक काडी मोडलेली. जानेवारीत फोन ठेवल्यावर प्रत्येक वेळी ती छत्री डोळ्यांसमोर यायची.

घर शेवटी काकूंनीच मिळवून दिले. याच संकुलात, सी विंगमध्ये, त्यांच्या पोस्टातल्या एका जुन्या सहकाऱ्याचा फ्लॅट रिकामा होणार होता. ते आधी कां-कूं करीत होते, हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. काकूंनी त्यांना काय सांगितले ते त्या आजही सांगत नाहीत. आम्ही विचारले तर म्हणाल्या, "काय सांगायचंय? माझ्या समोरचे आहेत म्हटलं."

२८ फेब्रुवारीला सामान हलवले. मोठीचा एक पेपर पुढच्या आठवड्यात होता, ती दिवसभर काकूंच्या घरी दार लावून अभ्यास करीत होती. सोसायटीने सामान हलवण्याचे पैसे मागितले, एकदा बाहेर जाण्याचे आणि एकदा आत येण्याचे, आणि आम्ही तर फाटकाबाहेर पाऊलही टाकले नव्हते. मुलांचे अब्बा बोलायला लागले, आम्ही त्यांना थांबवले. एकाच तारखेच्या दोन पावत्या जपून ठेवल्या आहेत. १ मार्चला संध्याकाळी चाँद दिसल्याचे जाहीर झाले तेव्हा गॅस जोडलेला होता, पण भांडी पोत्यांतच होती. पहिल्या रोजाची सहेरी आम्ही ब्रेड आणि काकूंनी दिलेल्या दह्यावर केली.

नवे घरमालक चावी देताना म्हणाले, "खिळे आहेत तेवढे वापरा, नवे मारू नका." बाहेरच्या खोलीत एक जुना खिळा होता, भिंतीवर कॅलेंडरचा चौकोनी डाग होता. फ्रेम त्या डागापेक्षा थोडी मोठी निघाली. अम्मी खुर्चीवर बसून बराच वेळ पाहात राहिल्या आणि म्हणाल्या, जरा डावीकडे कलली आहे.

भाडे आता २१,००० आहे. मोठी पास झाली. दूधनाक्यावर पत्र्यांच्या आत एकदा मशीन आले होते म्हणे, चार दिवस खणून परत गेले. तिथून आणलेली एक पेटी आम्ही तीन वर्षांत उघडलेली नाही. पडदे, चुलीजवळची फळी, सासऱ्यांच्या भाडेपावत्या, असे बरेच काही तिच्यात आहे. इथल्या खिडक्या मोठ्या आहेत, ते पडदे इथे पुरणार नाहीत. सध्या ती अम्मींच्या पलंगाखाली आहे.