नव्या घरातला सोपा



बेळगावचा पाऊस आपल्याला नवा नाही. मृग लागला की गणपतीपर्यंत छत्री काही हातातून सुटत नाही आणि वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशीही दमटच. पावसाचं काही वाटत नाही हो, पण त्याच्याबरोबर घरात येणाऱ्या पाण्या-चिखलाचं काय करायचं?

आमचं शहापुरातलं जुनं घर कौलारू होतं. पुढे सोपा, पायरीशी पाण्याची बादली, भिंतीला खुंट्या. बाहेरून आलेला माणूस पाय धुवायचा, छत्री टांगायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. नवं घर बांधलं तेव्हा जागा कमी, त्यात गाडीही ठेवायची. सोपा गेला. दार उघडलं की थेट गुळगुळीत टाईल्सचा हॉल!

दोन वर्षांपूर्वी आषाढात सासूबाई दारातच त्या ओल्या टाईलवर घसरल्या. मनगट मोडलं, प्लास्टर झालं. हात बरा झाला, पण भीती काही गेली नाही. दर श्रावणी सोमवारी कपिलेश्वराला चालत जाणाऱ्या आमच्या आई गेल्या श्रावणात एकदाही गेल्या नाहीत. विचारलं की म्हणायच्या, "हितनंच हात जोडतो की गं." ते ऐकून पोटात तुटायचं.

म्हणून या मे महिन्यात दाराबाहेरची सात फूट बाय चार फूट जागा हाती घेतली. वर पत्रा होताच. टाईल काढून खडबडीत शहाबादी फरशी बसवली, बाहेरच्या बाजूला चार फुटांत एक इंच उतार दिला. पाणी थांबतच नाही. कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर पाय धुवायला नळ.

मग बाकडं. सुताराला आईंच्याच मापाने करायला सांगितलं, बसल्यावर दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील आणि उठताना गुडघ्यावर जोर येणार नाही असं. ते अठरा इंच भरलं. शेजारी भिंतीत स्टीलचा दांडा पक्का बसवला. धरून बसायचं, धरून उठायचं.

खुंट्या दोन रांगांत: मोठ्यांच्या वर, नातवाच्या तीन फुटांवर. प्रत्येकाची खुंटी ठरलेली. रेनकोट एकावर एक टांगले की वाळत नाहीत, कुबट वास मारतात. चपलांचं कपाट बंद दाराचं नको, फटी ठेवलेल्या पट्ट्यांचं बरं, वारा लागतो आणि बुरशी धरत नाही. माणशी दोनच जोड बाहेर, बाकीचे आत. बूट भिजले तर वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ओले झाले की बदलायचे. छत्र्यांना तळाला भोकं पाडलेली जुनी बादली. बाहेर काथ्याचं पायपुसणं, आत खाली रबर असलेलं सुती. चुरगळणारं फडकं दारात अजिबात नको, पाय त्यातच अडकतो. आणि दिव्याचं बटण आत, कोरड्या हाताला सापडेल असं.

सगळं झाल्यावर आईंना काही सांगितलं नाही. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी सकाळी झिमझिम चालूच होती. आई बाकड्यावर बसल्या, चपला घातल्या, दांडा धरून उठल्या आणि म्हणाल्या, "मी जाऊन येतो गं." मी "सोबत येऊ का?" विचारणार होते, पण गप्प बसले. तासाभराने परतल्या, पाय धुतले, छत्री बादलीत ठेवली आणि कोरड्या पायांनी आत आल्या. प्रसादाचा नारळ माझ्या हातात दिला.

नातू या जागेला 'शू-रॅक' म्हणायचा. आई म्हणाल्या, "सोपा म्हण रे, सोपा." आता तोही मित्रांना सांगतो, "बूट सोप्यावर काढा."

घरात वयस्कर माणसं असतील तर मृगाआधी आपल्या दारातली फरशी एकदा ओली करून, स्वतः पाय ठेवून बघा. आणि कोणी ओसरी म्हणतं, कोणी पडवी. इंदूर, बडोदा, ग्वाल्हेरकडच्या मंडळींनो, तुमच्या घरी काय म्हणतात? आणि नव्या घरात ती जागा उरली आहे का?