६९३ ते ११६०

फेब्रुवारी २०२१ मधला दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी, म्हणून आम्हाला तोच मुहूर्त मिळाला. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी बँकेचा जुना सर्व्हर काढून नवा बसवायचा होता. सोमवारी शाखा उघडायच्या आत सगळी खाती नव्या यंत्रावर नांदायला हवी होती.

बँकेचं सॉफ्टवेअर रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७.४ वर चालायचं आणि सातच्या पुढं जायचं नाही, असं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांनी बजावलं होतं. आठवडाभर आधी मी ७.४ ची डीव्हीडी नव्या सर्व्हरला लावून पाहिली, तर इन्स्टॉलरला एकही डिस्क दिसेना. डिस्क तर समोर होत्या, हिरवे दिवे लुकलुकत होते. ‘एलएसपीसीआय’ कमांड चालवली. डिस्क सांभाळणारं रेड कार्ड यादीत होतं, बनवणाऱ्याचा आणि कार्डाचा असे चार-चार अक्षरी क्रमांकही होते. पण कार्ड कोणता ड्रायव्हर चालवतोय, हे सांगणारी ओळच नव्हती.

ड्रायव्हरच्या पोटात तो ओळखत असलेल्या क्रमांकांची यादी असते. ७.४ आली २०१७ साली, हे कार्ड त्यानंतरचं. त्याच घराण्यातली जुनी कार्डं तो ड्रायव्हर बिनतक्रार चालवायचा, पण या नव्याचा क्रमांक त्याच्या यादीत नव्हता. ७.९ च्या कर्नेलमध्ये मात्र तो आला होता.

बँकेच्या आयटी प्रमुखांनी विचारलं, “मॅडम, जुना कर्नेलही ३.१० आणि नवाही ३.१०. मग बदललं काय?”

शंका रास्त होती. मूळ ३.१० हा २०१३ चा. रेड हॅटने सातव्या आवृत्तीसाठी तो धरला आणि शेवटपर्यंत सोडला नाही. पुढच्या कर्नेलसाठी लिहिलेले ड्रायव्हर, सुरक्षेच्या दुरुस्त्या मागे आणून त्यातच बसवत गेले. फरक कळतो तो त्यापुढच्या आकड्यात: ७.४ चा ६९३, ७.९ चा ११६०. जोतं तेच ठेवून वाड्याचे वासे बदलावेत आणि आत राहणाऱ्यांना घर सोडायला लागू नये, तसं हे काम. मला ते फार मोलाचं वाटतं. नवं काही घडवणाऱ्याचं नाव होतं, पण आजचा ड्रायव्हर सात वर्षांपूर्वीच्या कर्नेलमध्ये, वरचं काही न मोडता बसवणारा कुणाला ठाऊक नसतो. बँका आणि दवाखाने चालतात ते त्याच्या जिवावर.

शनिवारी संध्याकाळी जुन्या सर्व्हरवरच ७.९ चढवली. तो व्यवस्थित सुरू झाला. मग त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या सर्व्हरवर उतरवली आणि रात्री साडेबाराला नवं यंत्र चालू केलं. कर्नेल निवडायचा मेनू आला, ओळी धावू लागल्या आणि थांबल्या. मग एकच टाइमआउटचा संदेश पुन्हा पुन्हा. दोन-तीन मिनिटांनी ‘ड्रॅकट’चा प्रॉम्प्ट आला: मुख्य व्हॉल्यूम सापडत नाही.

चूक माझी होती. सुरू होताना कर्नेलला ड्रायव्हरांची एक छोटी शिदोरी लागते, तिला इनिटरॅमएफएस म्हणतात आणि ती ‘ड्रॅकट’ बांधतो. ती बांधली गेली होती जुन्या यंत्रावर, म्हणून तिच्यात जुन्याच कार्डाचा ड्रायव्हर होता. नवा ड्रायव्हर डिस्कवर होता खरा, पण ती डिस्क वाचायला तोच ड्रायव्हर हवा होता. प्रत काढण्याआधी शिदोरी नव्याने, सगळ्या ड्रायव्हरांसकट बांधायला हवी होती. ते माझ्या यादीत लिहायचंच राहिलं.

मेनूत तळाला ‘रेस्क्यू’ची ओळ असते. तिच्या शिदोरीत सगळे ड्रायव्हर असतात, म्हणून मी आशेने ती निवडली. पुन्हा तेच. मग लक्षात आलं, ती शिदोरी मूळ इन्स्टॉलेशनच्या दिवशीची, म्हणजे तिचा कर्नेल ६९३. त्याला हे कार्ड माहीतच नव्हतं.

माझा ज्युनिअर हळूच म्हणाला, “मॅडम, ७.९ ची डीव्हीडी आहे ना आपल्याकडे?”

होती. तिच्या रेस्क्यू मोडमध्ये डिस्क लगेच दिसल्या. आत शिरून ‘ड्रॅकट’ला ‘नो-होस्टओन्ली’ सांगितलं, म्हणजे या यंत्रापुरतं बघू नकोस, सगळं बांध. तयार फाइल उघडून ड्रायव्हरचं नाव डोळ्यांनी वाचलं, बोट ठेवून पुन्हा वाचलं, मगच रीबूट केलं. यंत्र उठलं. नेटवर्क पोर्टांची नावं बदलली होती, ती जुळवण्यात अर्धा तास गेला.

पहाटे चारच्या सुमारास आयटी प्रमुख थर्मासमधला चहा घेऊन आले. त्यांनी स्वतःच ‘युनेम’ टाइप केलं, पडद्यावरचा आकडा पुटपुटत वाचला आणि नोंदवहीत निळ्या शाईने लिहिला: ३.१०.०-११६०. खाली वेळ घातली, सही केली. मग कोपऱ्यातल्या जुन्या सर्व्हरकडे बघून शिपायाला म्हणाले, “मार्चअखेर होईपर्यंत याला कुणी हलवायचं नाही.”