अर्जुनी कोणती?

नावाला आगापिछा लागतो, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. बाजारात नुसते 'गणपतराव' म्हणून हाक मारा, चार माणसे वळून पाहतील. गावांचेही तसेच. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आमच्या गोंदिया जिल्ह्यात तालुके आठ, आणि त्यांत अर्जुन्या दोन! एक अर्जुनी मोरगाव, दुसरी सडक अर्जुनी. शिवाय नुसतेच 'अर्जुनी' लिहून मोकळे होणारे लोक आहेतच.

शिष्यवृत्तीसाठी अर्ज केलेल्या मुलामुलींची यादी संगणकावर माझ्यापुढे आली, तेव्हा ही दुहेरी अर्जुनी आडवी आली. मुलाखतीचे पत्र भलत्या अर्जुनीला गेले, तर एखाद्या पोरीचे वर्ष बुडायचे. साध्या शोधाला 'अर्जुनी' सांगावे, तर तो सगळ्या अर्जुन्या एकाच दावणीला बांधून आणतो.

मदतीला आला तो रेग्युलर एक्स्प्रेशनमधला लुकअहेड. रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणजे मजकुराचा साचा सांगण्याची खुणांची भाषा. तिचा पाया गणितज्ञ स्टीफन क्लीनी यांनी १९५० च्या दशकात घातला. ती मजकूर शोधण्याच्या कामी कशी लावावी, हे केन थॉम्प्सन यांनी १९६८ मध्ये दाखवले. आणि १९९४ च्या पर्ल ५ मध्ये लुकअहेड आला.

अर्जुनी(?=[ /]मोरगाव)

असे लिहिले की संगणक 'अर्जुनी'पाशी थांबतो आणि पुढे 'मोरगाव' आहे का, ते डोकावून पाहतो. मधे कोणी जागा सोडतो, कोणी तिरपी रेघ मारतो. म्हणून चौकटी कंसात दोन्ही. मोरगाव दिसले तरच जुळले. पण हाती घेतो ते 'अर्जुनी' एवढेच. शेजारच्या अंगणातले धान कुंपणावरून पाहावे, दाणा मात्र उचलू नये, तसे!

बरोबरच्या चिन्हाऐवजी उद्गारचिन्ह घातले, की प्रश्न उलटतो: पुढे मोरगाव नाही ना? मागे वळून पाहणारे याचे भावंड म्हणजे लुकबिहाइंड. मी दोघांना एकत्र जुंपले:

(?<!सडक )अर्जुनी(?![ /]मोरगाव)

आधी सडक नाही, नंतर मोरगाव नाही, अशी पोरकी अर्जुनी! तेवढेच पत्ते क्षणात बाजूला निघाले.

त्यांचा तालुका संगणकाने ठरवला नाही. कोणाला विचारायला हवे, एवढेच दाखवले. मला त्याचे हेच शहाणपण आवडले. मग एकेका घरी फोन लावला. “कोणती अर्जुनी?” असे विचारले, की पलीकडून उत्तर येई,

“सडकवाली जी!”