बॉनेटवरचं जाळं

रात्री अकराच्या सुमारास पेट्रोल भरायला थांबले होते. पंपाच्या छताला पांढरे एलईडी दिवे, आणि नेमकी माझी गाडी त्यांच्याखाली. उतरून उभी राहिले आणि बॉनेटकडे बघतच राहिले. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक रेघांचं गोल जाळं पसरलेलं, कोळ्याने विणावं तसं. दुसऱ्या दिव्याखाली दुसरं जाळं. दिवसा सावलीत हे कधीच दिसलं नव्हतं. 2015 मध्ये मी स्वतःच्या पगारातून घेतलेली ही पहिली गाडी. गडद निळा रंग हट्टाने निवडलेला. घरी येईपर्यंत माझं लक्ष रस्त्यापेक्षा बॉनेटवर जास्त होतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या पेंटरकाकांकडे गेले. त्यांनी बॉनेटवर ओंजळभर पाणी शिंपडलं. ओल्या भागातल्या रेघा नाहीशा झाल्या आणि पाणी वाळल्यावर परत उमटल्या. मग दाराच्या मुठीखालच्या एका चऱ्यावरून त्यांनी नख फिरवलं. नख तिथे अडकलं. "ताई, हा खोल आहे, याला टच-अपच लागेल. बाकीचं सगळं वरच्या क्लिअरमध्ये आहे. पॉलिशने जाईल. पण एक सांगतो, दर वर्षी करू नका."

दर वर्षी का नको, याचं उत्तर त्यांनी मला रंगाचे थर सांगून दिलं. पत्र्यावर आधी गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर. हे सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन, त्यात क्लिअर 35 ते 50. म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ. उन्हापासून रंगाला वाचवतो तो हाच थर. जुन्या गाड्यांच्या टपावर आणि बॉनेटवर पापुद्रे सुटून पांढरे डाग पडलेले दिसतात ना, तिथे हे क्लिअरच गेलेलं असतं. आणि पॉलिश म्हणजे ओरखडा बुजवणं नव्हे. ओरखड्याच्या आजूबाजूचं क्लिअर घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणायचं, की त्याची कड उरत नाही आणि तो चमकत नाही. प्रत्येक वेळी थोडं क्लिअर कायमचं जातं. हे ऐकल्यावर मात्र मशीन लावायची माझी हिंमत झाली नाही. हातानेच करायचं ठरवलं.

दसऱ्याच्या आधीचा रविवार निवडला. खरा वेळ खाल्ला तो धुण्याने. दोन बादल्या घेतल्या. एकीत शांपूचं पाणी, दुसरीत नुसतं पाणी. कापड दर वेळी साध्या पाण्यात पिळायचं आणि मगच शांपूत बुडवायचं. तासाभराने साध्या पाण्याच्या बादलीच्या तळाशी बारीक वाळूचा थर बसलेला दिसला. आमच्या शेजारी दोन वर्षं इमारतीचं काम चालू आहे. ही तिथलीच धूळ. धुऊन झाल्यावर हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हात फिरवला. स्वच्छ दिसणारा पत्रा पिशवीतून चक्क खरखरीत लागला. धुऊनही न निघणारे कण त्यात रुतलेले असतात. ते काढायला मातीसारखी मऊ क्ले मिळते. साबणाचं पाणी मारत ती अलगद सरकवायची. ती एकदा हातातून फरशीवर पडली, आणि तो सगळा तुकडा मी टाकून दिला. खडे चिकटलेली क्ले म्हणजे पॉलिशपेपरच.

मग रबराच्या पट्ट्यांना आणि काळ्या प्लास्टिकला मास्किंग टेप लावली. पॉलिशचं कंपाउंड तिथे लागलं तर पांढरे डाग पडतात आणि निघता निघत नाहीत. पत्र्याच्या धारांवरही टेप लावली, कारण धारेवर रंग पातळ असतो आणि दाब सगळा तिथेच येतो.

पहिला हात मारला आणि चुकले. पार्किंगच्या कडेला ऊन आलं होतं. ऑक्टोबरचं ऊन, बॉनेट हाताला चटका देत होतं. कंपाउंड घासायच्या आतच वाळलं आणि पिठासारखं चिकटून बसलं. गाडी मागे सावलीत घेतली, पत्रा गार होईपर्यंत थांबले आणि पुन्हा सुरुवात केली. फोमच्या गादीवर वाटाण्याएवढे तीन थेंब, एका वेळी दोन वितींचा चौकोन, आधी आडवं, मग उभं. दाब सुरुवातीला थोडा जास्त, मग कमी कमी करत न्यायचा. स्वच्छ मायक्रोफायबरने पुसायचं आणि मोबाइलचा टॉर्च तिरका धरून बघायचं. पहिल्या चौकोनाला वीस मिनिटं लागली. टॉर्चखाली तिथे दिव्याचा एकच स्वच्छ ठिपका उमटला. बाजूला मात्र जाळं तसंच होतं, आणि दोन्हींच्या मधली सीमारेषा स्पष्ट दिसत होती. त्या क्षणी झालेला आनंद मला अजून आठवतो.

टूथपेस्टचा सल्ला मला तिघांनी दिला होता. तिच्यातही घासणारे कण असतात हे खरं, पण ते दातांसाठी. रंगावर ती थोडं घासते आणि थोडं झाकते. वॅक्सही ओरखडे झाकतं, पण धुतलं की ते पुन्हा दिसतात. म्हणून वॅक्स मी शेवटी लावलं, पॉलिश झाल्यावर, संरक्षणापुरतं.

संध्याकाळपर्यंत फक्त बॉनेट आणि ड्रायव्हरकडचं दार झालं. बॉनेटच्या मधोमध रेघांचं एक दाट ठिगळ मात्र पूर्ण गेलं नाही. दर दसऱ्याला आई तिथे कुंकवाने स्वस्तिक काढते आणि वाळलेलं कुंकू दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने मीच घासून काढते. तिथे आणखी घासायचा मोह झाला. पेंटरकाकांचं बोलणं आठवलं आणि थांबले.

उरलेलं जाळं कुठून आलं हेही आता कळत होतं. आमच्याकडे गाड्या पुसायला येणारे मामा पहाटे पाच ते आठ या वेळात बावीस गाड्या करतात. एक बादली, एक फडकं. सोसायटीत टँकरचं पाणी, त्यामुळे गाड्या रोज धुवायला बंदी. पहिल्या पाच गाड्यांची माती सहाव्या गाडीवर फिरणारच. त्यात त्यांचा काय दोष? मी त्यांना माझ्या घरच्या आरओच्या नळीतून वाया जाणाऱ्या पाण्याची बादली ठेवते म्हणाले. सोबत फक्त माझ्या गाडीसाठी चार कापडं दिली. आधी पाणी ओता, माती वाहून जाऊ द्या, मग पुसा, आणि रोज नको, आठवड्यातून दोनदाच. पैसे तेवढेच.

ते म्हणाले, "ताई, लोकांना रोज पुसलेली गाडी पाहिजे असते. न पुसलेली दिसली की पैसे कापतात."

"माझे नाही कापणार, मामा."

दसऱ्याला आईने स्वस्तिक काढलं. मुठीखालचा चरा तसाच ठेवलाय. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मला जाग आली. आमचा मजला पहिलाच. खाली बॉनेटवर मगने पाणी ओतल्याचा आवाज आला, एकदा, मग दुसऱ्यांदा. फडकं पिळल्याचा आवाज आला तो बऱ्याच वेळाने.