मनीऑर्डरीचं गाव

संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या घरी महिन्यातला एक दिवस आजी सकाळपासून पडवीतून हलत नसे. पोस्टमन यायचा असे. वडील लालबागला गिरणीत होते. नोटा मोजून झाल्या की आजी अंगठा उठवी आणि फॉर्मच्या तळाशी असलेली मजकुराची चिठोरी मी वाचून दाखवी. चार ओळींत अख्ख्या घराचं अंदाजपत्रक : वाण्याला इतके, फीला इतके, उरले तर घर शाकारायला. माणसं बाहेर जाऊन घरी जो पैसा पाठवतात त्याच्या अभ्यासात माझी तीस वर्षं गेली. इतका नेमका हिशेब मला एकाही प्रश्नावलीत सापडला नाही.

या पैशाने गरिबी घटते का, यावर आता फारसा वाद उरलेला नाही. रिचर्ड ॲडम्स आणि जॉन पेज यांनी २००५ साली ७१ विकसनशील देशांची आकडेवारी मांडून दाखवलं, की परदेशातून येणारा दरडोई पैसा १० टक्क्यांनी वाढला तर गरिबांचं प्रमाण सुमारे साडेतीन टक्क्यांनी कमी होतं. नेपाळ पाहा. १९९५-९६ मध्ये तिथे ४२ टक्के लोक दारिद्र्यरेषेखाली होते, २००३-०४ मध्ये ३१ टक्के. मधली बहुतेक वर्षं माओवादी संघर्षाची. तरी चुली पेटत राहिल्या, त्याचं एक मोठं कारण म्हणजे पोरं आखातात, मलेशियात आणि आपल्याकडे राबत होती.

वाढीचं गणित मात्र सुटत नाही. आज नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या जवळजवळ चौथाई इतका पैसा बाहेरून येतो आणि तरुण अजूनही काठमांडूच्या विमानतळावर रांगेत उभेच आहेत.

कोकणी माणसाला यात नवल वाटू नये. पैसा येतो, पण आधी हात गेलेले असतात. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. शेतात कोण उरलं ते हा आकडाच सांगतो.

आमच्या अर्थशास्त्रात एक शब्द फार सैल वापरतात : अनुत्पादक खर्च. घर बांधलं, लग्न केलं, गणपतीला मखर केलं, सगळं त्याच पोत्यात. मला तो कधी पटला नाही. आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन, बहिणीची दहावी, हे कुठल्या खात्यावर टाकायचं? घर बांधलं तरी चिरेखाणीवरच्या माणसाला, गवंड्याला, सुताराला काम मिळालंच ना? अडचण खर्चाची नाही. सिमेंट बाहेरचं, सळई बाहेरची, भाजीसुद्धा कोल्हापूरहून येते. पैसा गावात एक रात्र वस्तीला राहतो आणि सकाळच्या एसटीने परत जातो.

आणि तो आटतोही. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर पोस्टमन आमच्या दारावरून सरळ पुढे जाऊ लागला. गावी संकट आलं की बाहेरचा माणूस जास्त पाठवतो, असं आम्ही वर्गात शिकवतो. ते खरंही आहे. पण कमावण्याच्या जागीच संकट आलं तर? वडील ट्रंक घेऊन परतले, पावसाळ्यात नांगर धरायला गेले, तर निम्म्या खाचरांचे बांध फुटलेले. बांधावर दगड चढवायला वर्षानुवर्षं घरात कुणी नव्हतंच.

रिझर्व्ह बँकेच्या २०२३-२४ च्या पाहणीनुसार परदेशातून भारतात आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा सुमारे २० टक्के, म्हणजे देशात पहिला. यावर कुणी छाती फुगवली की मी गप्प बसतो. मुंबईहून संगमेश्वरला जाणारा रुपया त्या हिशेबात धरलेलाच नाही.

जुनी मनीऑर्डर पोस्टाने २०१५ मध्ये बंद केली. आता सगळं मोबाइलवर. यंदा आंब्याच्या दिवसांत एका ओळखीच्या बागेत गेलो होतो. रत्नागिरीच्या हापूसच्या बागा राखायला आता नेपाळी माणसं असतात. गावचे लोक सरसकट सगळ्यांना गुरखेच म्हणतात. दिवसा वानरं हाकायची, रात्री राखण, मोसमात झेला घेऊन झाडावर. आमची पोरं मुंबईला आणि ही माणसं आमच्या कलमांवर. ज्या गावाला मनीऑर्डर येई, तिथूनच आता ती निघते.

त्यांच्यातला एक मोडक्या मराठीत बोलता झाला. पैसे बायकोच्या नावावर जातात. दोन खोल्या पक्क्या झाल्या, पोरगी इंग्रजी शाळेत आहे. पाठवणावळ किती कापतात ते त्याला पैशासकट पाठ होतं.

“आणि गावचं शेत कोण करतं?” मी विचारलं.

“काका, अर्ध्या वाट्याने दिलं होतं,” तो म्हणाला. “तो पण गेला आता. कतारला.”