वेलिंग्टनचा बैल

इंग्रजांच्या मांसाहारी पदार्थांची जुनी नावे म्हणजे एक लहानसा इतिहासग्रंथच होय. इंग्रजी शिकविण्यात आयुष्य घालविल्यामुळे हे पदार्थ माझ्या परिचयाचे आहेत. परंतु ते कोशातून, ताटातून नव्हे. न चाखलेल्या पदार्थाविषयी लिहिण्यात एक सोय असते. चव आड येत नाही, आणि नावाकडे निवांतपणे पाहता येते.

वडीगोद्रीसारख्या हमरस्त्यावरील गावात खानावळीच्या पाटीवर ‘मटण’ हा शब्द दिसला, तर तो परका आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः तो मूळचा फ्रेंच. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, आणि पुढे एकाच प्राण्याला दोन नावे मिळाली. कुरणात चरते तोवर मेंढी ही इंग्रज धनगराची ‘शीप’. धन्याच्या ताटात पडली की ती ‘मटन’. बैलाचेही तेच. जुंपलेला असेल तर ‘ऑक्स’, शिजलेला असेल तर ‘बीफ’. स्कॉटने ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीत हे मर्म एका विदूषकाच्या तोंडी घातले आहे. राबणाऱ्याची भाषा गोठ्यात राहिली आणि जेवणाऱ्याची पंगतीत जाऊन बसली, असाच याचा अर्थ. आपल्याकडे पोहोचेपर्यंत तर त्या शब्दाने प्राणीही बदलला. आपल्या मटणात बहुधा बोकड असतो.

‘हंबल पाय’ या शब्दाचीही कथा अशीच आहे. हरणाचे काळीज, यकृत वगैरे आतल्या अवयवांना जुन्या इंग्रजीत ‘नंबल्स’ म्हणत. त्यातला आरंभीचा ‘न’ गळून ‘अंबल्स’ झाले. हे अवयव पिठाच्या आवरणात भाजून ‘अंबल पाय’ करीत. शिकारीचे उत्तम मांस वरच्या पंगतीला आणि हे खालच्या पंगतीला, असे सांगतात. पुढे उच्चारसाम्यामुळे त्यात ‘हंबल’, म्हणजे नम्र, हा शब्द मिसळला, आणि हंबल पाय खाणे म्हणजे मुकाट्याने मान खाली घालणे असा वाक्प्रचार रूढ झाला.

या मालिकेतील एक नाव मात्र थेट आपल्या जालना जिल्ह्याशी येऊन भिडते. ते म्हणजे ‘बीफ वेलिंग्टन’. गोमांसाचा मऊ तुकडा घ्यावयाचा, त्यावर यकृताचे वाटण आणि बारीक चिरून परतलेली अळंबी थापावयाची, लोण्याच्या पापुद्र्यांत तो गुंडाळावयाचा आणि भट्टीत भाजावयाचा, अशी त्याची कृती. नाव वेलिंग्टनच्या ड्यूकचे. म्हणजे ज्या आर्थर वेलस्लीने २३ सप्टेंबर १८०३ रोजी याच जिल्ह्यातील असईच्या रणभूमीवर शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला, त्याचे. वॉटर्लूचा हा विजेता आपल्या लढायांत असईलाच श्रेष्ठ मानीत असे. त्या दिवशी त्याची दीड हजारांवर माणसे ठार वा जखमी झाली होती.

गंमत अशी की, ज्याचे नाव या पदार्थाला लाभले तो मनुष्य खाण्याविषयी अगदी उदासीन होता. तो १८५२ साली वारला. ऑक्सफर्डच्या कोशाने या नावाचा दिलेला जुना दाखला १९३९ सालचा, आणि तोही न्यूयॉर्कमधील भोजनगृहांच्या एका मार्गदर्शिकेतला. कृती मात्र फ्रेंचांच्या पीठवेष्टित मांसाशी बरीच जुळते. तेव्हा नेपोलियनला हरविणाऱ्याच्या नावावर हा फ्रेंच पदार्थ इंग्रज झाला, हा तर्क चटकदार असला, तरी तर्कच होय.

परंतु मला वेगळीच गोष्ट अस्वस्थ करते. बैलाचे मोल वेलस्लीला पुरेपूर ठाऊक होते. अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) किल्ला ऑगस्ट १८०३ मध्ये घेऊन त्याने गोदावरी ओलांडली. शिंदे-भोसले हैदराबादेकडे उतरू नयेत म्हणून तो नदीच्या उत्तर तीराने पूर्वेस सरकला. वडीगोद्रीच्या दक्षिणेस वाहते तीच ही गोदा. तोफा, दारूगोळा, तांदूळ हे सारे बैलांवर चालले होते; म्हैसूरचे अमृतमहाल बैल त्याला टिपूच्या पाडावानंतर हाती आले होते, आणि लष्कराला धान्य पुरविणारे वंजारी आपले तांडे घेऊन मागोमाग येत. चांगले, नीट हाकलेले आणि नीट जोपासलेले बैल नसतील तर जलद हालचाल अशक्य, असे त्याने पत्रांतून पुनःपुन्हा बजावले आहे. त्याच सुमारास दख्खनेत लुटालूट आणि अवर्षण यांमुळे १८०३-०४ चा घोर दुष्काळ पडला होता. ज्या मुलखातून हे धान्याचे बैल जात होते, त्या मुलखातील माणसे उपाशी मरत होती.

म्हणजे सेनापतीला विजय मिळाला तो पुष्कळ अंशी बैलांच्या पाठीवर; आणि कालांतराने त्याच्या नावाने जी मेजवानी सजली, तीत बैल उरला तो केवळ मांस म्हणून. ‘ऑक्स’चे ‘बीफ’ झाले, धन्याचे नाव त्यावर चढले, आणि ओझे वाहणारा विस्मरणात गेला. वंजाऱ्यांच्या नावाने तर एखादी रस्सापोळीही इंग्रजांच्या पाकपुस्तकात नाही.

आपल्या मराठवाड्यात पोळ्याच्या दिवशी बैलाला न्हाऊ घालतात, त्याची शिंगे रंगवितात आणि पुरणपोळीचा पहिला घास त्याच्यापुढे धरतात. या रीतीने आपण बैलाचे सारे देणे फेडतो असे नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या मानेवर जू चढतेच. तथापि वर्षातून एक दिवस तरी, ज्याने राबावे त्याने आधी जेवावे, हा क्रम येथे पाळला जातो. अशा पदार्थाला कोणा सरदाराचे नाव अद्याप चिकटलेले नाही, हे मला मोठे समाधानाचे वाटते.